संत्र्यांच्या बागेतली आरती

आता काय सांगू तुम्हाला, माझी जीभ एकदा अशी घसरली की थेट स्पेनमध्ये जाऊन आपटली!

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. आमच्या उसाच्या बेटावर, क्युरपिप शहरात मादाम सोलांज मला गाणं शिकवायच्या. बाहेर भुरभुर पाऊस, काचांवर धुकं आणि आत पियानोवर स्पॅनिश गाणी! सूर जिप्सींच्या अंगणातले, पण बांधलेले सभागृहासाठी. एका गाण्यात एक पोरगी चांदण्यात संत्र्याच्या झाडाखाली कुणाची तरी वाट बघते. तो काही येत नाही. मला तर बसमधून आमच्या गावी, लालमतीला परतताना उसाच्या शेतांतूनही संत्र्यांचा वास यायचा!

वार्षिक कार्यक्रमात तेच गाणं माझ्या वाट्याला आलं. जमलं तर पुढच्या वर्षी मी मुख्य गायिका, नाहीतर परत कोरसात.

पण मादाम खूश होईनात. “सूर बरोबर आहेत गं, पण तू परीक्षेला बसल्यासारखी गातेस. डोळे मीट. घरच्या माणसांत बसलीयस असं समज.”

घरच्या माणसांत? अहो, गणेश चतुर्थी नुकतीच झालेली! आरत्या अजून ओठांवरून उतरल्या नव्हत्या.

कार्यक्रमाला बाबा, काका, काकी मागच्या रांगेत बसले. मी डोळे मिटले आणि सभागृह विरघळूनच गेलं. चांदणं, संत्री, समईचा उजेड, काकीच्या हातातली झांज, सगळं एकमेकांत मिसळलं. किती सुख वाटलं म्हणून सांगू! शेवटचा लांब सूर हवेत विरला आणि मी त्याच तंद्रीत हात जोडून खणखणीत ओरडले, “गणपती बाप्पा!”

“मोरया!” मागची रांग गरजली.

डोळे उघडले. मादाम पियानोपाशी गोठलेल्या. मेले मी!

आणि मग टाळ्याच टाळ्या! पुढच्या रांगेतला एक मिशीवाला साहेब तर उभा राहून ओरडत होता, “मोरिया! मोरिया!”

काकी धावत आली. “ब्येस गायलीस गो बाय! मला वाटलं, शेवट कोरडाच ठेवतेस का काय.”

मादामनी मला कोपऱ्यात ओढलं. “ते शेवटचं काय होतं? छापलेल्या गाण्यात तर नाही!”

खरं सांगू की जीव वाचवू? “स्पेनच्या खेड्यापाड्यांत असंच संपवतात, मादाम.”

“मों द्यो!” त्यांचे डोळे भरून आले. “आणि मला ठाऊकच नव्हतं!”

झालं! दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाला ती आरोळी सक्तीची. बड्या फ्रेंच घरांतल्या पोरी ‘बाप्पा, बाप्पा’ घोकू लागल्या. मीही आपली त्यांच्यात बसून घोकत राहिले.

पुढच्या वर्षी मुख्य गायिका निवडायची वेळ आली. उरलो दोघी, मी आणि साखर कारखान्याच्या साहेबांची सुझान. दोघींनी तेच गाणं म्हटलं, आरोळीसकट. मादामनी पियानोचं झाकण लावलं. मग हळूच माझा हात हातात घेतला.

“वाईट वाटून घेऊ नकोस. गोड तूच गातेस. पण ती शेवटची आरोळी आहे ना, ती सुझानची अस्सल स्पॅनिश वाटते. तुझी जरा हिंदुस्थानी येते.”

आणि माझी रवानगी कोरसात झाली. ‘मोरया’ म्हणायला!