यानातली कॉफी

मुलगा पुण्याहून पलूसला आला तो एक विज्ञान कादंबरी घेऊन. जुनी, जगभर नावाजलेली, आता मराठीत आलेली. "आई, हे वाच, मग आपण बोलू," म्हणाला. त्या 'मग आपण बोलू'साठीच मी ती हातात घेतली. एरवी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलास का, जेवलो, पाऊस आहे का, नाही, की संपलं. पोराशी बोलायला विषय मिळत असेल तर मी गणिताचं पुस्तकसुद्धा वाचलं असतं.

रोज दुपारी भांडी आवरली की मी वाचायला बसायची. सासूबाईंच्या लेखी रोज ठरल्या वेळी वाचतात ती पोथीच. त्यांनी पुस्तकाखाली पाट ठेवला, वर धुतलेलं फडकं झाकलं.

कादंबरीत एक यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं असतं. माणसानं मरण लांबवलंय, यंत्रं बोलतात. एवढ्या मोठ्या यानात बाई एकच. ती शास्त्रज्ञ आहे असं लेखक एकदा सांगतो आणि विसरून जातो. त्यानंतर ती फक्त कॉफी आणते. पुरुष नकाशावर वाकून भांडतात, ही कॉफी आणते. यान संकटात सापडतं, तरी ही कॉफीच आणते. अर्ध्या पुस्तकापर्यंत मी दम धरला. मग कप्तान तिला म्हणतो की तुझ्या हातची चव यंत्राला नाही, आणि ती चक्क लाजते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण अंतराळातसुद्धा? ताऱ्यापर्यंत जायची अक्कल आहे आणि स्वतःचा कप भरून घ्यायची नाही! पुस्तक मिटलं ते मिटलंच.

चार दिवस ते पाटावर तसंच पडलेलं पाहून सासूबाई म्हणाल्या, "आगं, धरलेलं पारायण मधीच सोडत न्हाईत. घराला बाधतं." मी म्हटलं, ही पोथी नाही. मग पाटावर कशाला ठेवलीस, असं त्यांनी विचारलं. पाट त्यांनीच ठेवलेला, वर दटावणी मला.

खरी धास्ती मुलाची होती. एवढ्या हौसेनं त्यानं काहीतरी दिलं, तेही आईला झेपलं नाही असं त्याला वाटलं तर पुन्हा काही देणार नाही. सगळं वाचलं म्हणून ठोकून द्यावं, असंही मनात आलं. पण रविवारी त्याचा पुण्याहून फोन आला आणि मी सांगून टाकलं, कॉफीसकट.

तो हसला. मग लहान मुलाची समजूत घालावी तसा म्हणाला, "आई, थोडं पुढं वाच ना. पुढं ती मरते, मग खरी गोष्ट सुरू होते."

"बरं झालं," मी म्हणाले, "मी तिला जिवंतपणीच सोडून आले."

तो म्हणाला, असं कुठं असतं का, तो काळच तसा होता. मी विचारलं, कुठला काळ, पुस्तकातला तर अजून यायचाय. तो हटेना, मीही हटेना. कान गरम होईपर्यंत आम्ही भांडलो. इतकं तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.