रोह्याच्या टीव्हीवर चाललेली माती

ताईच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी महिनाभर रोह्याला राहिले, तेव्हा तिथे केबल नवीनच आली होती. भावोजी कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचे आणि दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की टीव्ही माझ्या एकटीचा. केबलवाल्याला डिश फिरवून बघायची भारी खोड. त्यामुळे दुपारी तासभर कुठल्या तरी परक्या देशाची गाणी लागायची. हिरो नाही, हिरॉइन नाही. एक बाई लाकूड कापायची करवत मांडीवर वाकवून सारंगीसारखी वाजवायची. एक म्हातारा पत्र्याचे डबे बडवत असं काही गायचा, की हातातलं काम तसंच राहायचं. खालची अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून नावं मीच ठेवली. करवतवाली, डबेवाला.

आणि एक दिवस मातीचा माणूस चालत आला. अगो बाय! शाडूसारखीच माती, वीतभर उंची, गाण्याच्या ठेक्यावर गुडघे दुमडत चालला होता. आमचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना. जन्मभर मातीत हात, पण माती चालताना कधी बघितली नव्हती. गाणं संपलं आणि मला रडूच फुटलं. हे बाबांनी बघायला पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते मूर्तीचे डोळे आखत होते. आखताना कुणाशी बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"बोटं पुसलेली व्हती त्याची?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे मूर्तीवर बोटाचा ठसा राहिला तर शिव्या बसतात.

"नाय. अंगभर अंगठे दिसत होते. आणि सारखे बदलत होते."

बाबांनी स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून बघितला. "म्हणजे पावलापावलाला कोणी तरी त्याला हात लावतोय. किती येळा लावला असंल गो! मला बघायचा हाय तो. गणपती जाऊ दे, मग जाऊ."

गणपती गेले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून रोह्याला आले. सख्ख्या भावाच्या साखरपुड्यालाही कारखाना सोडून गेले नव्हते, ते गाणं बघायला आले! आणि टीव्ही लावला तर मॅच. मेल्या केबलवाल्यानं डिश फिरवून ठेवली होती. मी तशीच त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "तासभर तिकडे फिरवा, माझे बाबा मुद्दाम आलेत." तो म्हणाला, "ताई, तुमच्या एका घरासाठी सगळ्या रोह्याचे जोडे खाऊ? आणि ते चॅनेल आता लागतच नाय." एवढा राग आला, की त्याचं सगळं दुकान उलथंपालथं करावंसं वाटलं.

परत येऊन मी सांगितलं, ते बाबांनी ऐकून घेतलं. ताईनं दिलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "तू चालून दाखव."

बावीस वर्षांची घोडी मी, ताईच्या हॉलमध्ये मातीच्या माणसासारखी चालले. ताईला हसू आवरेना. बाबा तिच्यावर डाफरले, "हसतेस काय? बघू दे मला." मला त्यांनी चार वेळा चालायला लावलं. चौथ्यांदा मीच थांबले. जे बघितलं होतं त्यातलं काहीच माझ्या पायांत येत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. निडीला गाडी थांबली. फलाटावर एक म्हातारा गाठोडं घेऊन डुगडुगत चालला होता. बाबांनी मला कोपरानं ढोसलं.

"असा?"

"नाय बाबा."

नागोठण्याला त्यांनी एक बाई दाखवली, मग नुकतं पाऊल टाकायला लागलेलं एक पोर. "असा चालायचा?" मी व्हय म्हटलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं. जीभ रेटली नाही, मातीच्या बाबतीत बाबांशी कुणी खोटं बोलायचं नाही. पेण येईपर्यंत ते खिडकीतून माणसं दाखवत राहिले आणि मी नाय, नाय म्हणत राहिले.