स्थिर चित्र

नाशिकहून म्हैसूरला आल्यावर मी व्हिडिओ पाठवण्याच्या प्रणालीवर काम करू लागले. नेटवर्क मंदावलं की काय सोडायचं आणि काय राखायचं, हे माझा प्रोग्रॅम ठरवायचा. मी नियम केला होता की चित्र स्वच्छ राहू दे, हालचाल कमी झाली तरी चालेल.

पिरियापट्टणच्या एका लहान दवाखान्याला म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंशी आमच्या प्रणालीने जोडून दिलं होतं. पहिल्या आठवड्यात मी रोज बाईंच्या शेजारी बसायचे. बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या.

एका दुपारी पिरियापट्टणच्या नर्सने पडद्यावर दोन महिन्यांचं बाळ दाखवलं. त्याला धाप लागली होती. छाती किती वेळा वरखाली होते, ते बाई मोजत होत्या. वीसपर्यंत आल्या आणि थांबल्या.

बाळाची छाती हलत नव्हती. ओठांची निळसर कड, झबल्याची शिवण, सगळं स्वच्छ दिसत होतं. आवाज आधीच तुटला होता.

"अगं, चित्र अडकलंय की बाळाचा श्वास?" बाईंनी विचारलं.

मला सांगता येईना. बाईंनी नर्सला साधा फोन लावला. रिंग वाजत राहिली. पलीकडे ती बाळ सोडून फोन कसा घेणार, हे कळत होतं.

मी लॅपटॉप ओढून नियम उलटा केला, हालचाल आधी, स्वच्छता नंतर. बोटं चुकत होती, दोनदा पुन्हा टाइप करावं लागलं. मग चित्र फुटलं, चेहरा नुसता डाग झाला. पण त्या डागाखाली काहीतरी वरखाली होत होतं, फार भरभर.

तेवढ्यात फोन उचलला गेला. "उसिराडता इदे, मॅडम," नर्स म्हणाली. श्वास चालू होता.

"ऑक्सिजन लावा, लगेच इकडे पाठवा," बाई कन्नडमध्ये म्हणाल्या आणि पुन्हा एकपासून मोजू लागल्या.

बाळ संध्याकाळी म्हैसूरला पोचलं आणि पाच दिवसांनी घरी गेलं. ऑफिसात मी घडलेलं सांगितलं. साहेब म्हणाले, "स्वच्छ चित्राची मागणी डॉक्टरांचीच होती ना?"

होती. पण नियम लिहिताना कॅमेऱ्यासमोर कोण असेल, हे मी विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक बदलाआधी विचारते, आणि उत्तर मिळालं तरी धाकधूक जात नाही.