पांढऱ्या साडीवर चढवलेला रंग

मला राग आलेला आहे, आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं आहे. भवानीची परवानगी घेतली. ती म्हणाली, "लिहा अक्का, पण गोड करू नका."

भवानी चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. घराणं तंजावरकडचं. तिचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं आणि बोलण्याची चाल तमिळ. मी रंगभूमी सोडून मुलाकडे शोळिंगनल्लूरला राहायला आले तेव्हा मराठी मंडळात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही बोलत राहा, मी ऐकते." त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी. तिच्या हातची फिल्टर कॉफी प्यायले नाही तर माझा आठवडा सुरू होत नाही.

तिच्या लहानपणी घरचे सगळे संध्याकाळी मरीनाच्या वाळूत बसायचे. बंदराबाहेर ताटकळत उभी असलेली जहाजं दिव्यांची उघडझाप करायची. भवानीची आई बोलता बोलता थांबायची, तिकडे बघायची आणि म्हणायची, "त्याच्याकडचं गोडं पाणी संपत आलंय." किंवा, "उद्या सकाळी आत घेणार त्याला." वडील म्हणायचे, "पुरे."

एकदा भवानीनं विचारलंच, "अम्मा, तुला कसं कळतं?"

"लढाईच्या वेळी नेव्हीत होते मी. संदेशांच्या कचेरीत. दिव्यांची भाषा तिथंच शिकले."

वडील हसले. "टायपिंग करत होती कुठंतरी," म्हणाले. पुढे आई गेली, तेव्हा भवानी कॉलेजात होती. त्या घरात ते 'टायपिंग कुठंतरी' तेवढं उरलं.

यंदा मंडळानं ठरवलं की दुसऱ्या महायुद्धात भाग घेतलेल्या आपल्या माणसांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावायचे. अकरा नावं जमली, अकराही पुरुष. भवानी उठून म्हणाली, "माझी आई शशिकला पण." समितीचे अध्यक्ष तिचेच थोरले भाऊ, अड्यारचे बाळकृष्णराव. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, धोतराची घडी न मोडता बसणारे. ते म्हणाले, "पुरावा आण."

आता मला सांगा, त्या अकरा जणांकडे कुणी पुरावा मागितला होता? एका गृहस्थांचा फोटो तर शाळेच्या संमेलनातल्या शिपायाच्या वेषातला आहे असं मी छातीठोकपणे सांगते. पट्टा उलटा बांधलाय! मी मीटिंगमध्ये तसं म्हटलंही. कुणी ऐकलं नाही.

भवानीनं सैन्याच्या जुन्या नोंदींसाठी दिल्लीला लिहिलं, विलायतेला लिहिलं. नातवाच्या वयाच्या मुलांकडून ईमेल शिकली. जुन्या दप्तरांतल्या लोकांनी सभ्यपणे उत्तरं दिली: बायकांची तुकडी होती, मद्रासच्या मुलीही तीत होत्या, पण शशिकला नावाची कोणी सापडत नाही. दुसरं उत्तर बाळकृष्णरावांनी भर मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. "बघा, आम्ही नाही म्हणत, दप्तरच म्हणतंय." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

बाहेर पायऱ्यांवर भवानी मला म्हणाली, "अक्का, नाव लागलं नाही तर नाही. पण आता माझी आई खोटारडी ठरली."

आईचा फोटो जगात एकच, बाळकृष्णरावांच्या दिवाणखान्यात. भवानी म्हणाली, "आयुष्यभर वेषभूषा बघितलीत. एकदा तो बघा." आम्ही दोघी बसनं अड्यारला गेलो.

मोठा फोटो, गळ्यात चंदनाच्या सालींचा हार. जुन्या काळ्यापांढऱ्या छपाईवर हातानं रंग भरलेले. हिरवं रेशीम, लाल काठ, त्यावर जरी, गळ्यात मोहनमाळ, उजव्या दंडावर फुग्याची बाही. मी हार बाजूला केला. बाळकृष्णरावांच्या कपाळाला आठी पडली. पडू दे.

आमच्या नाटकात एक राजा तिसऱ्या अंकात भिकारी व्हायचा. कपडे बदलायला वेळ नसायचा, म्हणून राजाच्या अंगरख्यावरच चिंध्या चढवायचो. प्रेक्षकांना चिंध्या दिसायच्या, पण खांदे राजाचेच राहायचे. आत कडक अस्तर असे ना!

"भवानी," मी म्हटलं, "फुग्याची बाही कधी चौकोनी असते का?"

ती जवळ आली. रंगाऱ्यानं खांद्यावर फुगा काढला होता, पण त्याखालची कडा फळीसारखी सरळ होती. गणवेषाची खांद्यावरची पट्टी! आणि खाली पायाशी, जिथं त्या माणसाला कंटाळा आला असावा, तिथं हिरव्या रंगाच्या टोकाला मूळ साडी उघडी राहिली होती. पांढरी, गडद काठाची. त्या तुकडीतल्या आपल्या मुलींचा गणवेषच साडी होता. भवानीनं मला विलायतेहून आलेला दुसऱ्या मुलींचा फोटो दाखवला होता. तशीच नेसण, तसाच खांदा.

भवानी वळली. "अण्णा, तुला माहीत होतं?"

बाळकृष्णराव म्हणाले, "कॉफी घ्या आधी."

"कॉफी नको. माहीत होतं?"

"पांढऱ्या साडीत विधवा दिसत होती ती! नवरा जिवंत असताना असा फोटो कोण भिंतीवर लावेल? बाबांनी रंगवून घेतला. त्यात काय?"

"आणि खांदा? खांद्यावर पण वैधव्य होतं?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! तुझ्या शेजाऱ्यांना मराठी येत नाही, मी तमिळमध्ये सांगू?"

"त्या वेळी तीन आत्यांची लग्नं व्हायची होती," बाळकृष्णराव म्हणाले. "गोऱ्या खलाशांच्या कचेरीत बसलेली सून घरात आहे, असं कळलं असतं तर कुणी दारात उभं राहिलं असतं?"

"आत्यांची नातवंडं अमेरिकेत म्हातारी झाली, अण्णा! अजून कुणाचं लग्न अडलंय?"

मी मध्ये पडले नाही. मी ज्यांच्याबरोबर कामं केली त्यांच्यातही असा आवाज थोड्यांचाच होता.

बाळकृष्णराव उभे राहिले. धोतराची घडी मोडली. "तुला काय कळतं? मी आत्यांकडून ऐकलंय. आजोबांनी मुलीला नेव्हीत धाडलं, म्हणून त्यांच्याशी येणंजाणं तुटलं. अस्कं, सगळं सगळं मागं टाकून आली होती ती. अस्कं! बाबांनी ताटातल्या तांदळावर शशिकला लिहिलं, तिथंच संपली ती कमलिनी!"

नाटकात अशा जागी आमचा पेटीवाला वाजवणं थांबवून हात वर उचलून धरायचा.

"कोण कमलिनी?" भवानीनं विचारलं.

बाळकृष्णराव खाली बसले. धोतराची घडी पुन्हा बसवू लागले. कमलिनी हे आईचं माहेरचं नाव. लग्नात बाईचं नाव बदलतात हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं का? माझी स्वतःची दोन नावं आहेत. तरीही आम्ही महिनोन्महिने त्या दप्तरवाल्यांना अशा बाईला शोधायला लावलं, जी युद्ध संपल्यावर लग्नाच्या दिवशी जन्मली. आणि हा माणूस मीटिंगमध्ये ते उत्तर वाचून दाखवत होता! नाव ओठांवर असताना!

परतीच्या बसमध्ये भवानी रडली नाही. "आईला मी कधी तिच्या नावानं ओळखलंच नाही," एवढंच बोलली, आणि कंडक्टरनं सुटे मागितले तेव्हा त्याच्यावर अशी खेकसली की त्यानं मुकाट्यानं नोट घेतली. मी त्याला उतरताना सॉरी म्हटलं. बिचारा.

पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर लवकर आलं. कमलिनी, वडील अप्पाजी, मद्रास, संदेश विभाग. दाखल झाल्याचं साल, सोडल्याचं साल. शेरा: काम उत्तम.

भवानीनं तो कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. मागच्या रांगेत कुणी हसलं नाही. बाळकृष्णरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. शशिकला असं लावू, घराण्याच्या नावासकट."

"शशिकला नेव्हीत नव्हती," भवानी म्हणाली. "तूच वाचून दाखवलंस."

कमलिनी लागलं, अप्पाजींची मुलगी म्हणून.

मग फोटोचा प्रश्न आला. बाळकृष्णरावांनी आपणहून फोटो आणला, कागदात गुंडाळून. तेवढं त्यांच्या बाजूनं नोंदवते. रंग काढता येतो का, हे भवानी आधीच एका जाणकाराला विचारून आली होती. तो म्हणाला होता, साडीबरोबर चेहराही जाऊ शकतो. भवानीनं तो धोका पत्करला नाही. पण हिरव्या साडीतला फोटोही लावू दिला नाही.

"घरी घेऊन जा, अण्णा. इथं रिकामी चौकट लावा."

"रिकामी चौकट बरी दिसत नाही, भवानी."

"बरी दिसायला नाहीच लावत."

भिंतीचं उद्घाटन गेल्या रविवारी झालं. अकरा पुरुष, मिशा, टोप्या, उलटा पट्टा, आणि शेवटी काचेमागं कोरा पांढरा कागद, खाली नाव. अकरा जणांसमोरून लोक पुढे जात होते, त्या एकीसमोर थांबत होते. पुण्याहून नोकरीसाठी आलेली ऋजुता नावाची एक मुलगी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, भवानीला म्हणाली, "आजी, यांचा फोटो नाही मिळाला का?"

भवानीनं भाषण करून दमलेल्या बाळकृष्णरावांकडे बोट दाखवलं. "मिळाला की. त्यांच्या घरी आहे. त्यांना विचार, इथं का नाही ते."

मुलगी खरंच गेली. बाळकृष्णरावांनी आजूबाजूला पाहिलं. समितीतलं कुणी मदतीला येईना. मी तर मुद्दाम खुर्ची ओढून समोरच बसले. त्यांनी घसा साफ केला आणि तमिळ चालीच्या मराठीत, अडखळत, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.