सरांचं खिशातलं घड्याळ

आमचे सर मनगटावर घड्याळ घालत नसत. तालुक्याच्या कॉलेजात ते फुटबॉल शिकवायचे. आमच्या बीडकडं पोरं कबड्डी पोटातूनच शिकून येतात, फुटबॉलला मात्र कुणी विचारत नाही. तिथं त्यांनी मेंढपाळांची आणि दुकानदारांची पोरं पळवून पळवून विद्यापीठाच्या फायनलपर्यंत नेली. एकदा हेडर कसा मारायचा ते दाखवताना त्यांच्या घड्याळाचा पट्टा एका खेळाडूच्या भुवईला लागला, चार टाके पडले. त्या दिवशी सरांनी घड्याळ काढलं ते कायमचं. मग दिवसभर ज्याला त्याला विचारणं, किती वाजले रे.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढं जीप चालवायला लागलो. टीमला सामन्याला मीच न्यायचो. मैदानाच्या कडेला सगळ्या बाभळी. काटा घुसला की बॉल बसायचा आणि अख्खी टीम माझ्याकडं बघायची, कारण पंक्चरचं सामान माझ्या सीटखाली. मी शिवण उसवून ब्लॅडर बाहेर काढायचो, घासून ठिगळ चिकटवायचो आणि दाभणानं बॉल परत शिवायचो. तोवर सर शेजारी उकिडवे बसून राहायचे, घाई करायचे नाहीत.

मस्कतला ड्रायव्हरची नोकरी आली तेव्हा तिथल्या लायसनच्या परीक्षेनं माझी झोप उडाली. इंग्रजी पाट्या वाचायच्या कशा? सरांनी तीन दुपारी घरी बसवून एकेक पाटी घोटून घेतली. निघताना म्हणाले, "पास झालास तर आधी आईला फोन कर. नापास झालास तर आधी मला." मी पास झालो. आज दोन घास खातोय ते त्या तीन दुपारींवर.

गेल्या वर्षी सर रिटायर व्हायचे होते. जुन्या टीमच्या कॅप्टनचं आता तेलगावला बियाण्याचं दुकान आहे. त्याचा फोन आला. "सरांसाठी खिशातलं घड्याळ बघ बे, साखळीवालं. हातात तर ते घालणार न्हाईत." मी इथल्या बाजारात सुट्टीचे चार शुक्रवार फिरलो. चावीचं, झाकणाचं एक मिळालं. झाकणावर "सरांना, टीमकडून" असं कोरायचं होतं. कोरणाऱ्याला आपली अक्षरं येत नव्हती, त्यानं माझ्या कागदावरून चित्र काढावं तशी ती काढली. घड्याळ स्वतः नेऊन सरांच्या हातात द्यायचं ठरवलेलं. पण दुसरा ड्रायव्हर आधीच गावी गेलता, मला सुट्टी मिळाली नाही.

आता निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या वतीनं ते घड्याळच उभं राहणार होतं. आई फोनवर म्हणाली, रिटायर होणाऱ्या माणसाच्या हातात बंद घड्याळ देऊ नये, अपशकुन असतो. ते माझ्या डोक्यात बसलं. आमच्या खोलीतला तलवाड्याचा एक गडी गावी निघालता, त्याच्याकडं घड्याळ दिलं. त्याला दहादा बजावलं की रोज सकाळी चावी दे, पण चावी वर ओढायची नाही आणि काट्यांना हात लावायचा नाही. तो गावी पोचल्यावरही मी रोज फोन करून विचारायचो, चालू हाय ना. शेवटी तो वैतागला. "घड्याळ हाय का लेकरू हाय बे तुझं?"

कार्यक्रम मी कॅप्टनच्या व्हिडिओ कॉलवर पाहिला. फेटा, शाल, नारळ झालं. मग सरांनी झाकण उघडलं, घड्याळ कानाला लावलं आणि हसले. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, परत हातातल्याकडं पाहिलं. कुणीतरी वाकून बघितलं आणि म्हणालं, हे तर दीड तास मागं हाय. सगळा हॉल हसला. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं. मी इथल्या वेळेला लावलेलं आणि त्या गड्यानं माझं ऐकून काट्यांना बोट लावलं नव्हतं. मी फोन बंद केला. आठ दिवस सरांना फोन करायचं धाडस झालं नाही.

नवव्या दिवशी त्यांचाच आला. मी लगेच सांगायला लागलो, सर, चावी जरा वर ओढा, मग काटे फिरतील. त्यांनी मधेच थांबवलं. "राहू दे रे. मागं मी फोन केलता तेव्हा तू गाडीवर होतास. आता तुझं जेवण कधी, झोप कधी, मला ह्या घड्याळात दिसतंय."

तेव्हापासून ते फोन करतात. इथं साडेबाराला मी गाडी सावलीला लावून डबा उघडतो, त्या वेळेला. रिटायर झाले तरी मैदान सुटलेलं नाही, मागं नव्या पोरांचा गलका ऐकू येतो. परवा मी विचारलं, तुमी जेवले का सर? म्हणाले, आता बसतो, साडेबाराच तर झालेत. तिकडं दोन वाजून गेले होते. सरांना साखरेचा त्रास आहे. मी रागावूनच म्हणालो, आजच्या आज घड्याळ दीड तास पुढं करा. सर बरं म्हणाले. त्यांनी ते करू नये असं मला आतून वाटत होतं.