मामाची भाकर

घणसोली गावात आम्ही भाड्याने राहतो. घरमालकांच्या मुलीच्या हळदीला आम्हालाही बोलावणं होतं. पंगतीत माझ्या शेजारी नवरीचा मामा बसला. त्याचे दंड एवढे होते की मला कोपर अंगाशी धरून जेवावं लागलं.

रविवारी वाशीला त्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती, म्हणून भात-भाकरी बंद. मटणातले चरबीचे तुकडे तो मागून घेत होता. मी बघतोय हे पाहून त्याने समजावलं, "मटन रोजच्याएवढंच. पन भाकर नाय, तर ताकद कुठून येनार? म्हनून चरबी वाढवायची."

मी मान डोलावली. मी कॉमर्सला आहे.

तेवढ्यात नवरीची आत्या भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. त्याने ताटावर हात धरला.

"मामाच भाकर नको म्हनतो? लगीन पसंत नाय वाटतं!" ती मोठ्याने म्हणाली.

"डाएट हाय, ताई."

"हळदीला कसलं डाएट?"

समोर हळद लावून बसलेल्या नवरीचा चेहरा उतरला. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि भाकरी मागून घेतली. पेपर सोडवावा तशी ती शांतपणे संपवली. मग चरबीचे उरलेले तुकडे उचलून माझ्या ताटात ठेवले.

"भाकर आत गेली, आता चरबी कमी करायची. तू खा. तुला कुठं स्टेजवर जायचंय?"

मी खाल्ले. स्पर्धेचं काय झालं हे घरमालकांना विचारायला मला अजून संकोच वाटतो. नवरी मात्र हसली होती, ते मी पाहिलं.