काटेसाहेबांचं प्रमाण वजन

ज्या माणसाने पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासले, त्याच्या हातात शहाण्याने मोजमापाचं नवं यंत्र देऊ नये. काटेसाहेबांच्या मुलीने ते दिलं, आणि देऊन ती दीड दिवसाच्या प्रवासावर असलेल्या आपल्या घरी निघून गेली. निस्तरायला मागे उरल्या बाई, म्हणजे काटेसाहेबांची बायको.

काटेसाहेब हे नाव बाजाराने ठेवलेलं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. हातात एक जड पेटी असायची आणि पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळेची वजनं, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. ही प्रमाण वजनं. बाकीचं जग त्यांच्याशी ताडून बघायचं आणि चुकलं तर जगाने चुकायचं, वजनांनी नाही. दुकानात शिरले की साहेब आधी पंखा बंद करायला लावत, कारण वाऱ्याने पारडं हलतं. मग खिशातून फडकं काढून पारडं स्वतः पुसत. एक पैसा कधी खाल्ला नाही, ही त्यांची कीर्ती. चहासुद्धा नाही, ही दुकानदारांची तक्रार.

लग्नाला तीन महिने झाले नव्हते तेव्हा त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटा जप्त केला. बाईंच्या भावाने हात जोडले, बाईंनी अबोला धरला, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढे मुलगी झाली तेव्हा प्रसूतिगृहातल्या काट्याने तिचं वजन जास्त दाखवल्याचा संशय आला, म्हणून हा माणूस घरी जाऊन पेटी घेऊन आला. बाई खाटेवर, मूल रडतंय, आणि बाप गुडघ्यावर बसून काट्यावर पितळ चढवतोय. काटा शंभर ग्रॅमने खोटा निघाला. मुलीचं तोंड त्यांनी त्यानंतर पाहिलं. बाई ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना अजून तापतात.

तर अशा या माणसाला मधुमेह झाला. सात-आठ वर्षं गोळ्यांवर निभावलं. मग एका संध्याकाळी बाई त्यांचे मोजे धुवायला काढायला गेल्या, तर मोज्यातून टाचणी निघाली. भिंतीवर कागद लावायची, मोठ्या डोक्याची. ती सकाळपासून त्यांच्या अंगठ्यात रुतलेली होती, आणि साहेब तिच्यासकट बाजार फिरून, जिने चढून आले होते. त्यांना काही कळलंच नव्हतं. साहेबांचं म्हणणं, मोजा जाड होता.

डॉक्टरांनी मोज्याकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं. वयाने तरुण, पण बोलायला स्पष्ट. पायाची जाणीव जात चालली आहे, म्हणाले. साखर आटोक्यात आली नाही तर आज टाचणी आहे, उद्या जखम होईल, ती चिघळेल आणि मग बोट ठेवायचं की काढायचं यावर बोलावं लागेल. गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन थोड्या मात्रेने लगेच सुरू करायचं. पुढची मात्रा ठरवण्यासाठी पंधरा दिवस घरी रोज चार वेळा साखर मोजून वहीत लिहून आणायची. इतकंच काम. दहा वर्षांचं पोरसुद्धा करील.

दहा वर्षांच्या पोराने केलंही असतं. लेकीने साखर मोजायचं यंत्र आणून दिलं, साहेबांनी पहिल्या दिवशी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, आकडा आला दोनशे एकसष्ट. त्यांनी तो वहीत लिहिला, आणि लगेच शेजारचं बोट टोचलं. दोनशे चौऱ्याहत्तर. साहेब ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज आलं जे बाईंनी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. एका मिनिटात, एकाच माणसाच्या रक्तात तेराचा फरक. यंत्र खोटं होतं आणि ते त्यांनी पकडलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्याचं काय सांगावं. डाव्या हाताची पाच बोटं, उजव्या हाताची पाच बोटं, खिडकीजवळ, खिडकीपासून दूर, पंखा लावून, पंखा बंद करून. पन्नास पट्ट्यांची डबी चार दिवसांत रिकामी झाली. वहीत तांबड्या शाईने रकाने आखले, वर खात्यातल्या वळणाने लिहिलं, 'आढळून आलेली तफावत'. साखर किती हा रकाना नव्हताच. बाई कामावरून थकून येत, पर्समधली पाण्याची दुसरी बाटली रिकामी करत आणि बघत, तर नवरा दहाही बोटांना कापसाचे बोळे लावून बसलेला. इन्सुलिनची पेटी फ्रिजच्या दारात जशीच्या तशी. त्या काही बोलल्या तर साहेब म्हणत, काट्याची खात्री पटल्याशिवाय मी पावती फाडत नाही, अगं, आणि सुई तर मुळीच घेत नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या.

"अंगण मोजून बघितल्याशिवाय कसं सांगणार?" साहेब म्हणाले. आणि ते चेष्टा करत नव्हते, हेच तर दुखणं.

बाईंचा जीव नुसता उबगला होता. त्यांचं स्वतःचं कमी होतं का? त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत. चोवीस वर्षं तेच काम, हात असा की डोळे मिटूनही काच कडेला बरोबर बसावी. पण यंदा डोळ्यांनीच दगा दिला होता. वर्षात तीनदा त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलला. एकदा वाढला, मग चक्क उतरला, मग परत वाढला. मालक कुरकुरला, बाई, स्वतःच्याच नाकावर सगळा माल खपवताय. बाईंनी खापर नंबर काढायच्या यंत्रावर फोडलं. जुनं झालंय, म्हणाल्या, काहीही दाखवतं. आणि दुकानातली हवा कोरडी, म्हणून घशाला कोरड. घरी हा असा माणूस, म्हणून थकवा. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि बहुतेक कारणांचं नाव एकच होतं.

आठवडा झाला तेव्हा डॉक्टरांनी वही मागवली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग डोळ्यांवरून हात फिरवला. मला तुमची साखर हवी होती, म्हणाले, तुम्ही यंत्राचा पंचनामा आणलात. मग त्यांनी एक चूक केली, समजावून सांगण्याची. घरच्या यंत्रात शंभराला पंधराचा फरक चालतो, म्हणाले, आम्ही ते धरूनच चालतो.

साहेब खुर्चीतून उठले. शंभराला पंधरा? आपण किलोमागे चिमूटभर फरकासाठी दुकानांना सील ठोकलं, आणि इथे माणसाच्या रक्ताला शंभरात पंधरा माफ? घरी येईपर्यंत ते हेच बोलत होते. रस्त्यात दोनदा थांबून बोलले. बाई पुढे चालत राहिल्या. डॉक्टरांनी निघताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी सातच दिवस, बाई. पायाला वाट बघायला लावू नका. त्या रात्री त्या न जेवता झोपल्या. रागाने, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तोडगा सुचला. काटा तपासायचा तर काट्याशी भांडून उपयोग नाही, प्रमाण वजन लागतं. ज्याची साखर निर्विवाद ठीक आहे असं एक माणूस. त्याचा आकडा जिथे यायला हवा तिथे आला तर यंत्र खरं, नाही तर सरळ कंपनीला पत्र. त्यांनी आधी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने बोट तर दिलं नाहीच, दारही लोटून घेतलं.

सुट्टीचा दिवस होता, जेवून दोन तास झाले होते. बाई खिडकीशी बसून चष्म्याची काच साडीच्या पदराला पुसत होत्या, तिसऱ्यांदा. साहेब यंत्र घेऊन समोर आले. अख्ख्या घरात आजवर एक दिवसही अंथरुणाला न खिळलेली तूच, म्हणाले. बाईंना ही स्तुती आहे की नेमणूक, तेच कळेना. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली होती.

"हा आकडा बरोबर आला तर आज संध्याकाळी सुई घ्यायची," त्यांनी बजावलं. "शब्द द्या."

साहेबांनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे पितळ, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी निवांतपणे हात पुढे केला. साहेबांनी त्यांना साबणाने हात धुवायला पाठवलं, परत आल्यावर स्वच्छ पंच्याने बोट न बोट कोरडं केलं, पंखा बंद केला. मला काय धाड भरलीये, आटपा लवकर, बाई म्हणाल्या. टोचणी टचकन लागली. थेंब पट्टीने ओढून घेतला. यंत्राने पाच सेकंद मोजले.

तीनशे बारा.

साहेबांनी डबी पुन्हा उघडली. नवी पट्टी, दुसरं बोट. तीनशे सत्तावीस. पंधराचा फरक. आठ दिवसांतली सगळ्यात मोठी तफावत, आणि तांबड्या शाईचं पेन टेबलावरच पडून राहिलं.

बाईंना आकडा नीट दिसला नव्हता. त्यांनी यंत्र हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं. मग हसल्या. झालं ना समाधान, म्हणाल्या. खोटं आहे यंत्र. तुम्ही आठ दिवस ओरडून सांगताय, मीच ऐकलं नाही. फेकून द्या ते आणि लिहा पत्र कंपनीला, मी सही करते. हसता हसता त्यांनी तांब्या उचलला आणि उभ्यानेच अर्धा रिकामा केला.

साहेब तांब्याकडे बघत होते. मग टेबलावरच्या चष्म्याकडे. त्याच्या शेजारी खिडकीत ठेवलेल्या आधीच्या दोन चष्म्यांकडे.

"यंत्र पंधराने खोटं असेल," ते हळूच म्हणाले. "दोनशेने खोटं नाही, गं."

"तुम्ही तर म्हणत होता..."

"तीनशे बारातून शंभराला पंधरा काढ. दोनशे पासष्ट उरतात. तू दीडशेच्या आत यायला हवी होतीस." त्यांनी खिडकीतल्या चष्म्यांकडे बोट केलं. "तीनदा चष्मा बदललास. दिवसाला चार बाटल्या पाणी पितेस. मी सगळ्या गावाचं मोजत फिरलो आणि हे नुसतं बघत बसलो."

बाई खाली बसल्या. त्यांना भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग राग आला, कारण रागाचा सराव होता. आठ दिवस ज्या यंत्राची या माणसाने अब्रू काढली, त्यावर तो आज एका फटक्यात विश्वास टाकून मोकळा झाला होता, आणि तोही नेमका त्यांच्या बोटावर. मेहुण्याला नाही सोडलं, लेकीला नाही सोडलं, मग ही सवलत एकट्या स्वतःपुरती?

"आणि तुमचे दोनशे चौऱ्याहत्तर?" त्या म्हणाल्या. "त्यातूनही काढा की पंधरा."

साहेबांनी वही ओढली. तांबड्या नाही, निळ्या पेनाने हिशेब केला, खात्यात करायचे तसा, हातचा नीट वर लिहून. वास्तविक तोंडी करणाऱ्यांतले होते ते. दोनशे तेहतीस. आठ दिवस त्यांनी त्या दोन आकड्यांमधला फरक मोजला होता, खुद्द आकडे एकदाही वाचले नव्हते. त्यांनी दोनशे तेहतीसखाली रेघ ओढली. मग खाली वाकून त्यांनी मोजा काढला आणि अंगठा दाबून पाहिला. परत दाबला, जोरात.

"काहीच कळत नाही," ते म्हणाले. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच कबूल केली.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून पहिली, त्यांनी सांगितली तेवढीच सुई साहेबांनी घेतली. बाईंचा आकडा यायला हवा तिथे आला नव्हता, म्हणजे शब्द पाळायचं बंधन तसं उरलं नव्हतं. हे दोघांच्याही लक्षात आलं, दोघांनीही तो विषय काढला नाही. सकाळी उपाशीपोटी बाईंचं रक्त प्रयोगशाळेत गेलं, आणि तिथलंही उत्तर घरच्यासारखंच आलं; बाईंनाही गोळ्या सुरू झाल्या. लेकीला फोनवर सांगताना बाई रडल्या, आणि दुसऱ्याच मिनिटाला नवऱ्यावर खेकसल्या, कारण तो शेजारी उभा राहून तारीख आणि वेळ दुरुस्त करत होता.

आता वहीत दोन रकाने आहेत, एक त्यांचा, एक तिचा. तफावतीचा रकाना निळ्या रेघेने खोडून टाकलाय. रोज चार वेळा दोघं समोरासमोर बसतात. मात्र कुणाला वाटेल की काटेसाहेब सुधारले, तर तसं काही नाही. ते बाईंना हात धुवायला परत पाठवतात, जेवणाच्या पहिल्या घासाची वेळ घड्याळात बघून वहीत मांडतात, आणि दुकानात फोन करून मालकासमोर विचारतात की दुपारची गोळी किती वाजता घेतली. नुसतं वाजता नाही, वाजून किती मिनिटांनी. तेहतीस वर्षांपूर्वी जप्तीच्या दिवशी भावाला काय वाटलं असेल, ते बाईंना आता पुरतं कळलंय.

परवा सकाळी साहेब आपला आकडा लिहून झाल्यावर यंत्र घेऊन त्यांच्यासमोर थांबले. बाई पोळ्या करत होत्या. सात मिनिटं उशीर झालाय, साहेब म्हणाले. बाईंनी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, नवऱ्याला चांगलं खरमरीत ऐकवलं, आणि ऐकवत असतानाच हात धुऊन बोट पुढे केलं.